व्हिसाला उधारीची वही चालत नाही

"काका, रजेचं पत्र लागेल."

"रजा कोण देणार? दुकान माझंच आहे."

"मग तसं पत्र द्या ना, की तुम्ही स्वतःला दहा दिवस रजा मंजूर केली म्हणून."

फोनवरची मुलगी चेष्टा करत नव्हती. व्हिसा एजंटच्या ऑफिसातली होती, यादी वाचत होती. सॅलरी स्लिप तीन महिन्यांची. नाही. फॉर्म सोळा. नाही. मालकाचं ना-हरकत पत्र. मालक मीच. जीएसटी सर्टिफिकेट. नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "काका, मग तुम्ही नेमकं करता काय?"

मी अमळनेरला पैलाडमध्ये मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बावीस वर्षं झाली. शेतकऱ्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, उन्हाळ्यात कूलर. एक पोऱ्या हाताखाली, सीझनला दोन. जळालेली कॉइल तोडून काढायची, वेटोळी मोजायची, तारेचा गेज बघायचा, नवीन भरायची, वार्निश मारून वाळवायची.

आणि मला जर्मनी बघायची होती. पोराला कॉलेजात टाकायला नाही, भाचीला भेटायला नाही. नुसती बघायला. ज्या तीन फेजच्या मोटरवर माझं घर चालतं, तिची पिंजरा-रोटरवाली पहिली चालती आवृत्ती दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की नावाच्या, रशियात जन्मलेल्या माणसाने १८८९ साली बर्लिनच्या एईजी कंपनीत असताना बनवली. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, नेकर नदीवरच्या लाउफेन गावात तयार केलेली वीज तीन फेजमधून १७५ किलोमीटरवर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेऊन दाखवली. १७५ किलोमीटर! आमच्याकडे डीपीपासून विहिरीपर्यंत केबल नेली तरी टोकाला व्होल्टेज पडतं आणि चार दिवसांत मोटर माझ्या दुकानात येते. त्या प्रदर्शनामागचा माणूस ऑस्कर फॉन मिलर. त्यानेच पुढे १९०३ मध्ये म्युनिकचं डॉइचेस म्युझियम उभं केलं. फ्रँकफुर्ट, लाउफेन, म्युनिक. एवढाच माझा दौरा.

आबांना सांगितलं तर ते ओट्यावरून म्हणाले, "कथा जाई ऱ्हायना? जर्मनी? तठे कोनी मोटर जळनी?"

बायको म्हणाली, तुमचं मोटारीचं वेड तुम्हीच बघून या, मला वैष्णोदेवीला न्या. ते कबूल केलं.

पासपोर्टाचं काही सांगण्यासारखं नाही. जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात गेलो, दीड हजार रुपये भरले, पोलीस घरी येऊन सही घेऊन गेले. खरा खेळ त्याच्या पुढे.

पहिली चूक मी केली ती एजंट धरण्याची. सगळे एजंट वाईट असतात असं नाही, पण नोकरदारांचे अर्ज भरून भरून त्याचा हात एका साच्यात बसलेला होता. माझ्यासाठी त्याने कव्हर लेटर तयार केलं, त्यात मी चक्क मॅनेजिंग डायरेक्टर होतो. कंपनीचा विस्तार, ताणातून विश्रांती, युरोपियन संस्कृतीची ओढ, असलं काही. लाउफेनचं नावही नव्हतं. मी म्हटलं, हे मी लिहिलेलं वाटत नाही. तो म्हणाला, सर, सगळ्यांचं हेच जातं.

दुसरी चूक माझीच. खात्यात पैसे कमी दिसतात म्हणून शालकाने अर्जाच्या बारा दिवस आधी तीन लाख टाकले. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये चाळीस हजार, बावीस हजार, एकसष्ट हजार अशी शिल्लक चाललेली, आणि शेवटच्या पानावर एकदम तीन लाख. मोटर उघडल्यावर काळी पडलेली एकच कॉइल जशी डोळ्यात भरते, तशी ती रक्कम दिसत होती. मला दिसली नाही, कारण मी स्टेटमेंट वाचलंच नव्हतं. फक्त शिक्का मारून आणलं होतं.

मुंबईच्या व्हिसा केंद्रावर गेलो तेव्हाची एक गोष्ट मात्र विसरणार नाही. फाइल तपासून झाली, फीचे नव्वद युरो रुपयांत भरले (११ जून २०२४ च्या आधी ऐंशी होते), केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. मग एका छोट्या खोलीत बसवलं. समोर काचेचं यंत्र. डाव्या हाताची चार बोटं ठेवा. ठेवली. यंत्र लाल. पुन्हा ठेवा. लाल. "काका, दाबून ठेवा." दाबून ठेवली, लाल. बावीस वर्षं तांब्याची तार बोटांतून सरकलीये. त्यावर वार्निश, वार्निश काढायला थिनर. माझ्या अंगठ्यावर रेषा अशा उरलेल्याच नाहीत, गोट्यासारखा गुळगुळीत आहे. रेशन दुकानातही हीच तऱ्हा, तिथे बायकोचा ठसा चालतो. इथे बायको नव्हती.

मुलीने ओला टिश्यू दिला. बोटं पुसली. मग ती उठून माझ्या बाजूला आली आणि आपल्या हाताने माझी बोटं एकेक करून काचेवर दाबली, लहान पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तशी. सातव्या-आठव्या वेळी हिरवं झालं. म्हणाली, "काय काम करता तुम्ही?" सांगितलं. म्हणाली, "आमच्या गावी पण मोटर जळते सारखी." कोकणातली होती. एवढं एकच बोलणं त्या दिवशी माणसासारखं झालं.

अठरा दिवसांनी पासपोर्ट कुरिअरने आला. पाकीट जाड वाटलं म्हणून आनंद झाला. आत नकाराचा कागद होता, म्हणून जाड. छापील कारणांची यादी असते, लागू पडेल तिथे खूण. माझ्या दोन खुणा: प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी हा माणूस परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे.

ती दुसरी खूण मला लागली. मी परत येणार नाही? दुकानात तेव्हा अकरा मोटारी पडल्या होत्या. उधारीच्या वहीत दोन लाखांच्या वर येणं. माझ्या गल्लीतून मला कोणी पळू देईल का!

फी परत मिळत नाही. नकाराविरुद्ध वकिलातीकडेच दाद मागायची सोय जर्मनीत पूर्वी होती, ती त्यांनी १ जुलै २०२५ पासून बंद केली, आणि माझा नकार नेमका त्यानंतरचा. कोर्टात जाता येतं, पण बर्लिनच्या. राहिलं काय, नवीन अर्ज. नव्वद युरो पुन्हा. नकाराची नोंद त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहते, तेव्हा लपवण्याचा प्रश्नच नव्हता.

आठ दिवस मी चिडून होतो. मग एका रात्री दुकान बंद करून तो सगळा गठ्ठा खाली चटईवर पसरला आणि पहिल्यांदा असा वाचला, जसा तो जर्मन साहेब वाचत असेल. त्याला पैलाड माहीत नाही, मी माहीत नाही, कापूस कधी विकतात ते माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आहेत. आणि त्या कागदांवरचा माणूस मला स्वतःलाच ओळखू येईना.

आयकराचं विवरण बघा. दोन वर्षं मी उत्पन्न दाखवलं चार लाख ऐंशी हजार. कारण पाच लाखांच्या आत राहिलं की कर लागत नाही, एवढंच मला समजत होतं. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली छोट्या धंदेवाल्याला हिशोबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या आठ टक्के, खात्यात आलेल्या पैशावर सहा टक्के, किमान नफा दाखवता यायचा. टॅक्सवाले काका त्याच्या वर, पण पाच लाखांच्या आत बसेल असा आकडा लिहायचे, मी सही करायचो. आता साहेबाच्या नजरेने बघा: महिन्याला चाळीस हजार मिळवणारा माणूस सव्वादोन लाख खर्चून मोटर बघायला चाललाय. मला तरी पटेल का?

बँकेचं स्टेटमेंट. खातं दुकानाच्या नावाचं. त्यावर माझं नाव कुठेच नाही! मालक कोण, हे त्या कागदावरून कळतच नाही. शिवाय दुकानातला क्यूआर कोड निघाला बायकोच्या खात्याचा. तो लावला तेव्हा माझ्याकडे बटणाचा फोन होता. म्हणजे तीन वर्षं माझी निम्मी कमाई कागदोपत्री तिची.

आणि सीझन. आमच्याकडे मोटर जळते रब्बीत आणि उन्हाळ्यात, पण शेतकरी पैसे देतो कापूस विकल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. जानेवारी ते जूनचं स्टेटमेंट मागितलं की पहिल्या पानावर पैसा दिसतो, मग नुसता जाताना दिसतो. तारेची खरेदी, वार्निश, पोऱ्याचा पगार. माझ्या वहीत सगळं बरोबर लिहिलेलं आहे, कुणाचे किती, कोणत्या हप्त्याला. ती वही घेऊन गेलो असतो तर एक मिनिटात कळलं असतं. पण ती वही व्हिसाला चालत नाही.

मग एकेक करत गेलो. विवरणाची वेळ होतीच. टॅक्सवाल्या काकांना म्हटलं, यंदा खरं लिहा. ते चष्म्यावरून बघत राहिले. खरा नफा सात लाख चाळीस हजार निघाला. नवीन करपद्धतीत तेव्हा सात लाखांच्या आत कर शून्य होता, माझा चाळीस हजारांनी वर. सेस धरून २४,९६० रुपये भरले. व्हिसासाठी भरले असं म्हणायला मला आवडत नाही, पण व्हिसा नसता तर भरले असते असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

जीएसटी नाही, कारण सेवेच्या धंद्याला वर्षाला वीस लाखांच्या आतल्या उलाढालीवर ते लागतच नाही. माझी तेरा लाखांची. हे एका ओळीत पत्रात लिहिलं. यादीत आहे आणि आपल्याकडे नाही, असा कागद नुसता गाळायचा नसतो, का नाही ते सांगायचं असतं. एजंटने गाळला होता. उद्यम नोंदणी केली, सरकारच्या साइटवर, फुकट. आधार आणि पॅन पुरतं. गल्लीतला एक जण तिचे आठशे रुपये घेतो, त्याचंही कौतुक.

शालकाचे तीन लाख परत केले आणि परत केल्याची नोंद दिसू दिली. त्याच्याऐवजी माझी आणि बायकोची जुनी मुदत ठेव जोडली, तीन वर्षांपूर्वीची. बायकोच्या खात्याचं स्टेटमेंट, लग्नाचा दाखला, क्यूआर कोडचा फोटो. बँकेकडून खात्याचा मालक मीच असल्याचं पत्र. त्या पत्रासाठी तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा लेटरहेड नव्हतं.

गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, आणि सातबारा मराठीत, त्यांचं इंग्रजी लागतं. शेत आबांच्या नावावर, माझ्या नाही, पण आबा हटून बसले की सातबारा जोडच, त्याशिवाय माणसाला कोण ओळखतो? पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघाला. पोराने मोबाइलवरून भाषांतर केलं. ते वाचून मी पाणी पिताना ठसका लागेपर्यंत हसलो. 'बागायत'चं त्याने गार्डन केलं होतं, म्हणजे तीन एकरांची बाग. आणि 'पोटखराबा'चं बॅड स्टमक. जर्मन साहेबाला वाटलं असतं, या माणसाचं पोट बिघडलंय आणि ते सरकारी दप्तरी नोंदवलेलं आहे. शेवटी धुळ्याच्या एका निवृत्त मास्तरांकडून करून घेतलं आणि नोटरी केलं. त्यांनी पोटखराब्याला सरळ 'लागवडीस अयोग्य जमीन' असं इंग्रजीत लिहिलं.

आधीची हॉटेल बुकिंगं एजंटने नावापुरती केली होती आणि अर्ज भरल्यावर लगेच रद्द केली होती, हे मला नंतर कळलं. यावेळी मी माझ्या कार्डावर केली, रद्द करता येतील अशी. म्युनिकचे भाव बघून डोळे पांढरे झाले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिथे ऑक्टोबरफेस्ट असतो, नाव ऑक्टोबरचं आणि सुरुवात सप्टेंबरात. दौरा अलीकडे ओढला, ९ ते १८ सप्टेंबर. गणपती सहाला उठणार, ते जमलं. विमा काढला तीस हजार युरोंचा, त्याहून कमी चालत नाही.

आणि पत्र. ते मी मराठीत लिहिलं, दीड पान, पोराने इंग्रजी केलं, मास्तरांनी तपासलं. त्यात मी मॅनेजिंग डायरेक्टर नव्हतो. दुकान किती बाय किती, वर्षाला साधारण किती मोटारी, पैसे कोणत्या महिन्यात येतात आणि का, ते लिहिलं. दोब्रोव्होल्स्की लिहिला, लाउफेन लिहिलं. पहिला अर्ज का नाकारला गेला आणि तो तीन लाखांचा भरणा कुणाचा होता, तेही लिहिलं. परत का येणार, तर ऑक्टोबरात रब्बीच्या मोटारी सुरू होतात आणि त्या वेळी मी दुकानात नसलो तर माझं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल, कायमचं. रजेचा उल्लेख एका वाक्यात: दुकान माझं आहे, पावसाळ्यात काम कमी असतं, या दहा दिवसांत ते माझा मदतनीस उघडेल, रिवाइंडिंग बंद राहील. सोबत चार फोटो. दुकानाची पाटी, वाइंडिंगचं मशीन, वाळत घातलेले स्टेटर, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारींची ओळ.

अपॉइंटमेंट मिळाली नेमकी कानबाईनंतरच्या मंगळवारची. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जन. रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात, बाहेरच्याला चालत नाहीत. दुपारपर्यंत तेच खात बसलो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सला बसलो. फाइल उशाला. पहाटे कुठेतरी गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा हात फाइलवर गेला, मग चप्पल शोधली.

केंद्रावर यावेळी दुसरी मुलगी होती. तिने कागद यादीशी ताडून पाहिले, एक-दोन फोटो उलटे-सुलटे केले, म्हणाली, "हे लागत नाहीत."

"असू द्या."

"ठीक आहे." तिने आत ठेवले. मी तिच्याकडे बोटं पुढे केली. तिने संगणकात पाहिलं आणि मान हलवली. ठसे एकदा घेतले की ५९ महिने चालतात. त्या पहिल्या मुलीने दाबून दाबून घेतलेले अजून तिथे होते. नकार झाला तरी ठसे कामाला आले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कुरिअरवाला आला. माझे हात कोपरापर्यंत वार्निशमध्ये होते, एक साडेसात एचपीचा स्टेटर बुडवत होतो. म्हटलं, तूच फोड. तो म्हणाला, मला परवानगी नाही. मग पोऱ्याने सही केली आणि फोडलं. पाकीट पातळ होतं. मी म्हटलं, पानं उलट. त्याने चौथ्या की पाचव्या पानाशी थांबून पासपोर्ट माझ्या तोंडासमोर धरला. माझाच फोटो, थोडा काळसर. मुदत ९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, मुक्काम दहा दिवस. एक दिवस जास्त नाही. वरचे पंधरा दिवस विमान चुकलं-माकलं तर म्हणून, राहण्यासाठी नाहीत.

नावाचं स्पेलिंग आधी बघायचं असतं म्हणतात. बघितलं. बरोबर होतं.

संध्याकाळी खडूने पाटीवर लिहिलं, '९ ते १९ सप्टेंबर रिवाइंडिंग बंद'. लिहून झालं नाही तोच डांगरीचा एक जण टेम्पोत मोटर घेऊन उभा. पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, आनी मधमा जळनी ते?"

"आज आणलीये ना? ही परवा घेऊन जा."

त्याने खिशातून फोन काढून क्यूआर कोडवर धरला, ॲडव्हान्स टाकला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "नाव बदलं शे वाटतं."